घडीच्या फोनचें फर्मवेअर

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतींत पाळी सुटण्याच्या वेळीं जो घोळका फाटकाबाहेर पडतो, त्यांतील बहुतेकांच्या हातीं कांचेच्या पाटीसारखा सपाट फोन असतो. एकाद्याच्या खिशांतून मात्र तपकिरीच्या डबीसारखी एक घडी बाहेर येते, अंगठ्यानें उघडली जाते, कानाला लागते आणि बोलणें संपतांच टक् असा आवाज करून मिटते. बाजारांत या फोनला फ्लिप म्हणतात. तो बाळगणाराला कोणी जुनाट समजूं नये. लोखंडाचा कीस, तेलाचे हात आणि यंत्रांचा गोंगाट यांत दिवस काढणाऱ्या माणसाला, मिटल्यावर ज्याचा पडदा आंत सुरक्षित राहतो असें यंत्र सोयीचें वाटलें, तर त्यांत नवल तें काय? शिवाय ज्याची बिजागरी आजवर टिकली, तें यंत्र केवळ नवें निघालें म्हणून फेकून देणें हें कारखान्यांत काम करणाऱ्याच्या स्वभावांत बसत नाहीं. त्याच्या कारखान्यांतील लेथ कित्येकदां त्याच्याहून वयानें मोठें असतें.

अशा एका फिटरची कल्पना करावी. त्याच्या हातीं मोटोरोला कंपनीचा रेझर व्ही ३ हा फोन आहे; अमेरिकेंत नोकरीस गेलेल्या मामानें सुटीवर येतांना आणून दिलेला. कंपनीनें हा फोन २००४ सालीं जाहीर केला. जाडी १४ मिलिमीटरांच्या आंत, वजन ९५ ग्रॅम, आणि या मालिकेचे १३ कोटींहून अधिक फोन जगभर खपले; यावरून त्याच्या लोकप्रियतेची कल्पना येईल. फिटरच्या तक्रारी तीन आहेत. कारखान्यांत फोनची घंटा ऐकूं येत नाहीं आणि पलीकडचें बोलणेंहि पुसट लागतें. नवी बॅटरी घातली तर फोन तिला बॅटरी म्हणून ओळखावयास तयार नाहीं, आणि घरांतील दुसऱ्या चार्जरलाहि तो परका मानतो. तिसरी तक्रार सर्वांत जिव्हारीं लागणारी : मुलीनें मराठींत पाठविलेला संदेश पडद्यावर रिकाम्या चौकोनांच्या रांगेसारखा दिसतो. आणि या तक्रारींच्या जोडीला एक अडचण आहे. त्याच फोनमध्यें त्याच्या दिवंगत आईचे कांहीं संदेश आहेत. जेवलास कां, पाऊस फार आहे, गाडी मिळाली कां, असे. रोमन लिपींत कसेबसे टंकलेले. ते त्याला घालवावयाचे नाहींत.

या तीन तक्रारींत एकहि तक्रार धातूची नाहीं हें लक्षांत घ्यावें. वरचें कवच बदलतां येतें, बिजागरी बसवितां येते, तुटलेली पट्टी डाग देऊन जोडतां येते. हीं कामें करणारे हात या भागांत पुष्कळ आहेत. पण येथें बिघाड झालेला नाहींच. फोन बनविणारानें त्याला जें शिकविलें तें तो इमानानें करीत आहे. आणि तें शिकविणेंच आतां मालकाच्या आड येत आहे. या शिकवणीला फर्मवेअर असें नांव आहे.

शब्द इंग्रजी असला तरी कल्पना दुर्बोध नाहीं. अंबरनाथच्याच शिवमंदिरांत शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहारकालीन लेख दगडांत कोरलेला आहे. कोरणाऱ्यानें टांकी खालीं ठेवली कीं त्यांतील अक्षर बदलावयाचें नाहीं. शाळेंतील पाटीची गोष्ट याच्या उलट. लिहिलें, वाचलें, पुसलें. संगणकाची एक स्मृति या पाटीसारखी असते, वीज गेली कीं कोरी होणारी. आणि दुसरी शिलालेखासारखी, कारखान्यांत एकदांच कोरलेली. या दोहोंच्या मधली तिसरी एक जात आहे. तिला ताम्रपटाची उपमा शोभेल. ताम्रपटावरील मजकूर शतकानुशतकें टिकतो. तथापि जुना लेख ठोकून सपाट करून त्याच पत्र्यावर नवें दान कोरल्याचीं उदाहरणें इतिहाससंशोधकांस ठाऊक आहेत. जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८० च्या सुमारास कल्पिलेली आणि १९८४ सालीं विद्वानांपुढें मांडलेली फ्लॅश स्मृति ही अशी आहे. वीज गेली तरी लेख राहतो, आणि पाहिजे तर पुसून पुन्हां लिहितां येतो. मात्र एक एक अक्षर पुसतां येत नाहीं. सबंध पत्रा एकदम सपाट करावा लागतो. या एका गोष्टींत पुढील सर्व धोक्याचें मूळ आहे.

व्ही ३ च्या पोटांतील लेख एकसंध नाहीं. त्याचे निरनिराळे गट आहेत. मुख्य आज्ञासंच एक, रेडिओलहरींवरील ध्वनीचें गणित करणाराचा एक, भाषांचा एक, चित्रें व सूर यांचा एक, आणि हे सर्व अस्सल आहेत अशी ग्वाही देणारी सही आणखी निराळी. फोन सुरू होतांना प्रथम एक छोटा आज्ञासंच जागा होतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो देवडीवरच्या कारकुनाप्रमाणें सही तपासतो आणि मग आंतल्यांस कामाला लावतो. याशिवाय एक लहानसा कप्पा असतो, त्यांत त्या एकाच फोनची जन्मपत्रिका असते : त्याचा ओळखक्रमांक, त्याच्या रेडिओभागाचें कारखान्यांत केलेलें जुळणीचें माप, आणि अशाच खासगी गोष्टी. मुख्य आज्ञासंच त्या जातीच्या लाखों फोनांत एकच असतो. ही पत्रिका मात्र ज्याची त्याची. दुसऱ्या फोनची पत्रिका यांत घालून चालत नाहीं. ती पुसली गेली आणि तिची प्रत ठेवलेली नसली, तर फोन दिसावयाला धडधाकट, पण कायमचा मुका होतो.

आतां पहिली तक्रार घ्यावी, कारण ती सर्वांत सोपी. या फोनमध्यें शेंकडों लहान लहान नोंदी असतात. जाणकार त्यांना सीम म्हणतात. एकेका नोंदींत एकेका गोष्टीची हो किंवा नाहीं अशी खूण, किंवा एकादें माप लिहिलेलें असतें. अमुक सोय यादींत दाखवावी कीं झांकावी, अमुक आवाज कोणत्या पायरीवर किती वाढवावा. मुख्य लेखाला धक्का न लावतां, संगणकाला तार जोडून या नोंदी वाचतां येतात आणि बदलतां येतात. कानाशीं लागणाऱ्या ध्वनीचीं आणि घंटेचीं कोष्टकें यांतच असल्यामुळें दोन्ही आवाज मोठे करतां येतात. कंपनीनें आवाज दबका ठेवला तो ओझरत्या विचारानें नव्हे. इवल्याशा पडद्यावर फार जोर पडला तर तो फाटतो. म्हणून पायरीपायरीनें वाढवून, ऐकून पाहून थांबणें हेंच शहाणपणाचें. गोंगाटाच्या ठिकाणीं काम करणाऱ्याला एवढ्या एका बदलानें जो दिलासा मिळतो तो नव्या फोनच्या किंमतींत सहसा मिळत नाहीं.

ओघानें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच यादींतून कॅमेराहि झांकतां येतो, आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन नेण्यास मज्जाव असतो. अंबरनाथला असे कारखाने आहेतच. तेव्हां यादींतून कॅमेरा काढून टाकला म्हणजे फाटकावरचा पहारेकरी आंत सोडील असें कोणास वाटेल. पहारेकरी यादी पाहत नाहीं, झांकणावरचें भिंग पाहतो. आणि त्याचेंच बरोबर आहे. जें लिहून झांकतां येतें तें लिहून उघडतांहि येतें. तशीच विद्रावकांच्या वाफा असलेल्या रासायनिक विभागाची गोष्ट. तेथें कोणताहि साधा फोन नेऊं नये, मग त्याच्या पोटांत कांहींहि लिहिलेलें असो.

बॅटरीची तक्रार अधिक विचार करावयास लावणारी आहे. व्ही ३ च्या अस्सल बॅटरींत एक चिमुकली स्मृतिचकती असते. फोन तिला ओळख विचारतो. उत्तर मिळालें नाहीं तर बॅटरी अवैध असल्याचें पडद्यावर लिहितो आणि विद्युद्भार घेत नाहीं. चार्जरचेंहि तसेंच. मिनी यूएसबीच्या पांच टोंकांपैकीं चौथ्या टोंकावर विशिष्ट रोध असेल तरच तो त्याला आपला चार्जर समजतो. यामागें केवळ लोभ होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. लिथियमच्या वाईट बॅटऱ्या फुगतात, पेट घेतात. कंपनीला आपल्या नांवाची काळजी असणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या दिवशीं कंपनीनें त्या बॅटऱ्या करणें थांबविलें, त्या दिवसानंतर ही काळजी कोणाच्या उपयोगाची? शिपाई फाटकावर उभा आहे आणि आंत जाण्याचा परवाना देणारें कार्यालय केव्हांच उठून गेलें आहे, असा हा प्रकार. येथें लेख बदलण्यापेक्षां हातचें काम सोपें पडतें. जुन्या मृत बॅटरींतील ओळखीची चकती काढून ती तितक्याच व्होल्टांच्या व मापाच्या चांगल्या नव्या घटाला लावावयाची. चार्जरच्या तारेंत योग्य तो रोध जोडावयाचा. मात्र ज्याला घटाची सुरक्षापट्टी काय असते हें माहीत नाहीं त्यानें या कामांत पडूं नये.

राहिली तिसरी तक्रार, मराठीची. येथें साधी वाटणारी गोष्ट किती खोल असते याचा प्रत्यय येतो. रोमन लिपींतील साध्या संदेशांत १६० अक्षरें मावतात. देवनागरी संदेश सोळा सोळा अंकांच्या निराळ्या संकेतानें जातो, आणि त्यांत फक्त ७० चिन्हें मावतात. हीं चिन्हें म्हणजे डोळ्याला दिसणारीं अक्षरें नव्हत. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दांत डोळ्याला चार अक्षरें दिसतात. संदेशांत मात्र व्यंजनें, काने, मात्रा आणि हलन्ताच्या खुणा मिळून दहा चिन्हें जातात. तीं दहा चिन्हें घेऊन त्यांचीं चार अक्षरें घडविण्याचें काम फोनमधील फर्मवेअरनें करावयाचें असतें. ‘किल्ली’ हा शब्द पाठवितांना आधीं क जातो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवितांना मात्र वेलांटी कच्या आधीं यावी लागते. ज्याला हा नियम ठाऊक नाहीं, तो फोन देवनागरीचे खिळे बाळगून असला तरी वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यांत घालतो. छापखान्यांतील नवशिक्या जुळाऱ्याकडून अशा चुका होत. त्याला हेडकंपॉझिटर कान धरून शिकवीत असे. फोनला शिकविणारा कोणी उरलेला नाहीं.

मराठीचे तर आणखी स्वतःचे हट्ट आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोहोंत केवढा भेद आहे हें मराठी माणसाला सांगावयास नको. पहिल्यानें पंडितांस नमस्कार होतो, दुसऱ्यानें स्वैपाक्यांस. हा भेद दाखविणारा अर्धा र हिंदीला लागत नाहीं, आणि हिंदीपुरता विचार करून केलेल्या संचांत त्याची तरतूद असेलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. ‘ॲ’ हें अक्षर तर युनिकोडच्या जागतिक तक्त्यांत २००८ सालीं स्वतंत्रपणें दाखल झालें. २००४ सालच्या फोनला तें माहीत असण्याचें कारणच नाहीं. पुढें भारत सरकारनें मोबाईल फोनांसाठीं भारतीय मानक १६३३३, भाग ३ लागू करून, देशांत विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ अधिकृत भाषांतील मजकूर वाचतां आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेंत लिहितां आलें पाहिजे, असा दंडक घातला. हा निर्णय उशिरा झाला तरी योग्य होता. परंतु तो नव्या फोनांना लागू. आधीं विकल्या गेलेल्यांच्या पोटांतील लेख त्यामुळें बदलला नाहीं.

मग फिटरच्या फोनला देवनागरी शिकवितां येईल कीं नाहीं? केवळ भाषासंच बदलावयाचा असता तर त्याच जातीच्या फोनचा, मुख्य आज्ञासंचाच्या आवृत्तीशीं जुळणारा दुसरा संच घालून काम भागलें असतें. इंग्रजीच्या जागीं स्पॅनिश किंवा पोर्तुगीज याच रीतीनें येते. पण देवनागरीचीं अक्षरें घडविण्याची कारागिरी भाषासंचांत नसते, ती मुख्य आज्ञासंचांत असते. तेथें ती मुळांतच लिहिलेली नसली, तर बाहेरून अक्षरांचीं चित्रें घालून चौकोन जातील, पण वेलांट्यांचा गोंधळ राहील. आणि मुख्य आज्ञासंचाची मूळ वाचनीय संहिता कंपनीनें कोणाला दिलेली नाहीं. हौशी लोकांनीं यंत्रभाषेंतील अंक उलगडून पुष्कळ करामती केल्या; नवे नकाशे, नवे सूर, यादींच्या नव्या मांडण्या. लिपि शिकविणें ही त्या मानानें फार मोठी मजल आहे.

सर्वच कांहीं लिहितां येतें म्हटल्यावर ओळखक्रमांकहि लिहितां येईल, हा विचार मनांत येणें अपरिहार्य आहे; आणि येथें कायद्याची रेषा आहे. प्रत्येक फोनला पंधरा अंकी क्रमांक असतो. चांदणी, चौकट, शून्य, सहा, चौकट या कळा दाबल्या कीं तो दिसतो. चोरलेला फोन बंद पाडावयाचा तर हाच क्रमांक उपयोगी. तो बदलणारा मनुष्य फोनची दुरुस्ती करीत नाहीं, चोरीचा माल धुऊन देतो. आपल्या देशांत याचा एक महत्त्वाचा निवाडा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानें २९ जुलै २००५ रोजीं दिला. एका कंपनीनें स्वस्तांत देऊन तीन वर्षांच्या करारानें बांधलेले फोन, त्यांतील क्रमांकाचा लेख बदलून दुसऱ्या कंपनीच्या सेवेकडे वळविल्याचा तो आरोप होता. मोबाईल फोन हा संगणकच होय आणि त्यांतील असा आज्ञालेख माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६५ व्या कलमाच्या कक्षेंत येतो, असें न्यायालयानें म्हटलें. पुढें २०१७ च्या नियमांनीं क्रमांकाची छेडछाड स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविली. आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. हरवलेले फोन बंद पाडणाऱ्या केंद्रीय नोंदवहीचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्यें महाराष्ट्रांतच सुरू झाला, हेंहि येथें नमूद करण्यासारखें आहे.

आणि तरीहि याच क्रमांकाच्या बाबतींत एकदां असा प्रसंग आला कीं सरकारच्याच संमतीनें तो दुकानांतून लिहिला गेला. अंबरनाथच्या अलीकडचें स्टेशन उल्हासनगर. कल्याणच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वस्तीला उल्हासनगर हें नांव मिळालें, आणि कांहीं वर्षांतच तेथील कारागिरांनीं अशी कीर्ति मिळविली कीं ‘मेड इन यूएसए’ याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा मुंबईभर झाली. थट्टेंत जितका टोमणा होता तितकीच दादहि होती. मोबाईल आला तेव्हां अशा बाजारांना दुरुस्तीचा नवा धंदा सांपडला. पुढें चीनहून स्वस्त फोनांचा लोंढा आला. त्यांतील पुष्कळांत क्रमांकच नसे, किंवा हजारों फोनांत एकच क्रमांक असे. सुरक्षेच्या कारणानें सरकारनें ३० नोव्हेंबर २००९ नंतर असे फोन बंद पाडण्याचें ठरविलें. परंतु ते घेणारे बहुतेक गरीब लोक. त्यांनीं पैसे मोजून घेतलेली वस्तु एका रात्रींत निकामी करावयाची काय? तेव्हां १९९ रुपये घेऊन अस्सल क्रमांक फोनमध्यें बसवून देण्याची योजना दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेमार्फत देशभर झाली. जें काम एरवीं गुन्हा, तेंच काम नोंद ठेवून, पावती देऊन, उजळ माथ्यानें करण्यांत आलें. लेखणी तीच, कोणाच्या परवानगीनें आणि कशासाठीं उचलली, यावर सारें अवलंबून.

आपल्या फोनचा आवाज वाढविणारा फिटर आणि क्रमांक पुसणारा चोर यांना एका मापानें मोजूं नये, ही समज कायदा करणारांपेक्षां यंत्र करणारांना अधिक उशिरा येत आहे. बूटलोडरच्या सहीचें कुलूप दोघांनाहि सारखेंच अडवितें. वस्तुतः चोराला कमीच, कारण त्याच्यापाशीं त्याच कामाचीं हत्यारें असतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली आणि त्याच वर्षअखेर एक माहितीद्वार उघडलें. सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती कंपन्यांनीं तेथें ठेवावी अशी कल्पना. कल्पना चांगली, पण ज्या वस्तूचें उत्पादन कधींच संपलें तिच्या आज्ञालेखाचें काय, हा प्रश्न अजून कोणी धसास लावलेला नाहीं. तो लेख स्वामित्वहक्कानें कंपनीचा आहे. स्वतःच्या फोनवरील नोंदी बदलणें वेगळें, आणि कंपनीचे आज्ञासंच बदलून लोकांत वांटणें वेगळें, हें दुरुस्ती करणारांनीं विसरतां कामा नये.

जुन्या पेटींतील प्रत्येक घडीचा फोन या खटाटोपाला योग्य नसतो. व्ही ३ ची भावंडें दिसावयास सारखीं, पण कुळें भिन्न. अमेरिकेंतील कांहीं कंपन्यांनीं विकलेलीं सीडीएमए जातीचीं यंत्रें सिमकार्ड घेत नाहींत, आणि भारतांतील तें जाळें बंद झालें आहे. तीं केवळ शोभेचीं. फिटरचा फोन जीएसएम जातीचा. तो चारहि लहरपट्ट्यांवर चालणारा असल्यामुळें येथील ९०० आणि १८०० च्या पट्ट्या त्याला चालतात. मात्र अमेरिकी कंपनीचें सिमकुलूप त्यावर असेल तर तें त्याच्या संकेतांकानें आधीं उघडावें लागतें. दैवगति अशी कीं, ज्या देशांतून तो आला तेथें एटी अँड टी कंपनीनें दुसऱ्या पिढीचें जाळें २०१७ च्या आरंभींच बंद केलें, आणि येथें एअरटेल व व्ही यांचें अद्याप चालू आहे. जिओचें जाळें प्रथमपासूनच चौथ्या पिढीचें. त्यावर हा फोन नुसता मुका बसेल.

प्रत्यक्ष काम तासा दोन तासांचें आहे. विंडोज एक्सपीचा जुना संगणक यासाठीं सांभाळून ठेवावा. या फोनच्या जोडआज्ञा त्या काळच्या. चांदणी आणि चौकट या दोन कळा दाबून ठेवून फोन सुरू केला कीं तो बूटलोडरच्या अवस्थेंत उघडतो, पडद्यावर आवृत्तीचा आंकडा दिसतो. शहाणा कारागीर यानंतर पहिली गोष्ट लिहिण्याची करीत नाहीं, वाचण्याची करतो. जन्मपत्रिकेचा कप्पा, सर्व नोंदी, सबंध स्मृति यांची प्रत काढून ती दोन ठिकाणीं ठेवतो. बॅटरी पुरी भरलेली आहे कीं नाहीं पाहतो; पत्रा सपाट झाला आहे आणि नवा लेख अर्धाच उतरला आहे अशा क्षणीं वीज गेली, तर पुढें सारेंच कठीण. पावसाळ्यांत अंबरनाथ-बदलापूरच्या विजेवर विसंबून हें काम करणाऱ्यानें टेबलावरच्या संगणकापेक्षां मांडीवरचा घ्यावा. आणि तार जोडण्यापूर्वीं तो गिऱ्हाइकाला विचारतो कीं, आंत कांहीं ठेवण्यासारखें आहे काय?

फिटर आईचे संदेश दाखवितो. संगणकावर प्रत निघतेच. पण ती उघडावयाला पुन्हां तसाच आज्ञासंच हवा, म्हणून ते एका वहींत तारीखवार उतरून घेतले जातात. रोमन लिपींतले संदेश वहींत देवनागरींत उतरतात. मग नोंदी बदलल्या जातात. घंटा दोन पायऱ्यांनीं चढते, कानाशीं आवाज स्वच्छ लागतो, नव्या घटाला जुनी चकती लागून फोन तिला बॅटरी मानतो. मुख्य आज्ञासंचाला हात न लावण्याचें ठरतें. संदेश फोनमध्यें जागच्या जागीं राहतात, आणि चौकोनहि राहतात. मुलीला तसें कळविलें जातें. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर घडी उघडते तेव्हां तिचा संदेश आलेला असतो, रोमन लिपींत : जेवलात कां, बाबा?